पाहुण्याची खोली आणि यजमानाचे घर

केंद्र सरकारने 2025-26 च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा केली. त्याआधीच आदिवासी गावांत एक हजार होमस्टे उभारण्याची योजना आली होती. तीत दोन नव्या खोल्यांसाठी पाच लाख, तर जुन्या खोलीच्या नूतनीकरणासाठी तीन लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. पैशाची वाट मोकळी होत आहे. यजमान कोणाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र चर्चेत मागे पडला आहे.

या प्रश्नाचे उत्तर जपानने ग्रामीण भागात शोधले. क्यूशू बेटावरील ओइता प्रांतातील अजिमु हे द्राक्षबागांचे गाव. तरुण शहरांकडे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शेतकऱ्यांनी 1996 मध्ये एकत्र येऊन घरी पाहुणे ठेवण्यास आरंभ केला. अडचण कायद्याची होती. अतिथिगृहाचे नियम शेतकऱ्याच्या घराला परवडणारे नव्हते. 2002 मध्ये ओइता प्रांताने वाट काढली: पाहुणा घरच्यांबरोबर स्वयंपाकाला हात लावत असेल, तर स्वतंत्र व्यावसायिक स्वयंपाकघराची अट नको. पुढच्याच वर्षी केंद्रीय पातळीवर शेतघरांसाठी किमान 33 चौरस मीटर क्षेत्रफळाची अटही शिथिल झाली. याउलट, घरे पर्यटकांना भाड्याने देण्याविषयीचा कायदा 2018 मध्ये लागू झाला, तेव्हा त्यात वर्षाला 180 दिवसांची मर्यादा आली आणि घरमालक तेथे राहत नसल्यास नोंदणीकृत व्यवस्थापक नेमण्याचे बंधन आले. राबत्या घराला सवलत आणि रिकाम्या घराच्या व्यापाराला लगाम, असा हा भेद आहे.

गोव्यात हाच भेद पुसट झाला आहे. केंद्राच्या होमस्टे योजनेनुसार मालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहणे आवश्यक असून खोल्या सहापेक्षा अधिक चालत नाहीत. तरीही परराज्यातील गुंतवणूकदाराचा बंगला, देखरेखीला पगारी माणूस आणि दारावर 'होमस्टे'ची पाटी, हे दृश्य किनारपट्टीवर नवे नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या अंतर्भागात पर्यटन न्यायचे असेल, तर तेथेही हेच घडू नये याची तजवीज आधी हवी.

यजमानपणाची परंपरा मराठी माणसाला परकी नाही. गाणगापूरला जाणारे दत्तभक्त पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्यांच्या घरी उतरत आले आहेत. त्याच कलबुर्गी-बीदर पट्ट्यात, बीदर तालुक्यातील कमठाण्यासारख्या गावांपर्यंत मात्र पर्यटक पोहोचत नाही. तो बीदरचा किल्ला आणि महमूद गावानची मदरसा पाहतो, बिदरी कलाकुसरीची एखादी वस्तू घेतो आणि परततो. हुरड्याच्या दिवसांतली ज्वारी, तुरीची शेते, कन्नड, मराठी आणि उर्दू सहज मिसळणारी बोली हे गावांचे वैभव त्याच्या वाट्याला येत नाही, आणि त्याचा पैसाही गावात उतरत नाही.

परंतु कमठाणा म्हणजे अजिमु नव्हे. गाणगापुरात उतरण्याचे घर परंपरेने ठरलेले असते. खुल्या होमस्टेमध्ये पाहुण्याने कोणाच्या घरी जेवायचे, हा प्रश्न आपल्या गावांत जातीला जाऊन भिडतो. नोंदणी आणि आरक्षणाचे काम ग्रामसंस्थेने पाळीपाळीने केले नाही, तर लाभ मोठ्या वाड्यांतच थांबेल. दुसरा प्रश्न घरातील स्त्रीचा. पहाटेचा चहा, भाकरी, अंथरूण-पांघरूण हे सारे तिच्याच हातून होणार. नोंदणी आणि बँक खाते मात्र पुरुषाच्या नावावर राहणार असेल, तर होमस्टे म्हणजे तिच्या विनामोबदला श्रमांत पडलेली भरच ठरेल.

म्हणून कर्ज किंवा अनुदान देताना खोल्यांच्या संख्येपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: कुटुंब तेथे राहते काय, मिळकतीत गृहिणीचे नाव आहे काय, आणि पाहुणे गावातील सर्व वस्त्यांत वाटले जातात काय. या तीन अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर सरकारी पैशातून खोल्या वाढतील. यजमान वाढणार नाहीत.