विंचवाचा उतारा आणि कसोटी

पावसाळा तोंडावर आला कीं जळणाच्या ढिगांतून, गोठ्याच्या दगडांतून विंचू निघतात. आणि विंचू चावला कीं आमच्या लोकांचे पाय आधीं मांत्रिकाच्या दाराकडे वळतात. “उतार पडतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे,” असें ते सांगतात. पाहिलें हें खरें. पण काय पाहिलें?

बहुतेक विंचवांच्या दंशानें कळ येते व कांहीं तासांनीं ती आपोआप उतरते. त्या वेळीं जो फुंकर घालीत बसला असेल, त्याला यश मिळतें. परंतु कोंकणांतील लाल विंचू निराळा. त्याचें विष हृदयावर जातें. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी होतें व माणूस दगावतो. येथें मंत्राची पत जाते. पण मेलेला साक्षीला येत नाहीं. बरा झालेला मात्र बाजारभर सांगत फिरतो.

मग खरेंखोटें निवडावें कसें? नवें बियाणें चांगलें कीं जुनें, हें शेतकरी एकाच वावरांत दोन पट्टे पेरून पाहतो. औषधाचें तसेंच. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी या दंशावर गुणकारी आहे, हें महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं आधींच दाखविलें होतें. तिच्या जोडीला प्रतिविषाची सुई दिल्यास अधिक गुण येतो काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं ७० रोग्यांचे दोन सारखे गट पाडले. कोण कोणत्या गटांत, हें मर्जीवर न ठेवतां सोडतीप्रमाणें ठरविलें. दहा तासांत नुसत्या गोळीनें ३५ पैकीं ८ पूर्ण बरे झाले, दोन्हींनीं ३५ पैकीं ३२. हा निकाल २०११ सालीं विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापला गेला, कोणीही तपासावा.

झाडपाल्याशीं आमचें वैर नाहीं. चीनमधील तू यूयू या बाईंनीं जुन्या ग्रंथांतील वनस्पतीपासून हिवतापाचें औषध काढलें व २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. तें ग्रंथांत होतें म्हणून नव्हे, कसोटीला उतरलें म्हणून.

पोथींत आहे म्हणून मानूं नका, हें जोतीरावांनीं शिकविलें. मग भगत आपल्या भावकींतला आहे, म्हणूनही मानूं नका. साप, विंचू, कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण शिपाई येईपर्यंत विष थांबत नाहीं. तेव्हां आधीं गाडी काढा व दवाखाना गांठा. मांत्रिकाला नारळ मागाहून देतां येईल. तो कोणत्या अर्थानें द्यावा, हें शहाण्यांस सांगणें नको.