कापलेल्या जहाजाचे इमान

पैसे मोजून आणलेल्या नव्याकोऱ्या खेळण्यावर करवत चालवणे हे आपल्यापैकी पुष्कळांना उधळेपणाचे वाटेल. परंतु टेबलावर अंतराळयुद्ध खेळणाऱ्या मंडळींना जितका लोभ खेळाचा, तितकाच या करवतीचा. तयार किटमधील अवकाशनौका कापावी, दुसऱ्या किटचे भाग तिला जोडावेत आणि कोणत्याही दुकानात न मिळणारी नौका उभी करावी, असा हा छंद आहे.

एकच उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९९९ मध्ये ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ नावाचा खेळ काढला. त्याच्या पेटीत प्लास्टिकच्या आठ क्रूझर असत. दोन्ही पक्षांच्या चार-चार. या नौकांच्या कुशीतील शस्त्रे सुटी येत. कोणी तेथे तोफांच्या रांगा चिकटवी, तर कोणी लान्स नावाची किरणास्त्रे. एकाच सांगाड्यातून निरनिराळ्या वर्गांच्या नौका घडत. म्हणजे फेरफाराची वाट कारखान्यानेच दाखवली होती. हौशी मंडळी तेवढ्यावर थांबणार थोडीच! दोन धडे कापून एक लांबलचक युद्धनौका करण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

खेळाचा एक नियम त्यांना फार अनुकूल पडला. अंतर मोजायचे ते नौकेच्या नाकापासून नव्हे, तर ती ज्या बारीक दांडीवर उभी असते त्या दांडीपासून. सहाजिकच नाक दोन बोटे वाढवले तरी प्रतिपक्षाचे काडीइतकेही नुकसान होत नाही.

शस्त्रांच्या बाबतीत मात्र अशी मोकळीक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुशीत तोफा दिसत असतील तर कागदावरही तोफाच असाव्यात. समोरचा खेळाडू नौकेकडे पाहूनच आपली चाल ठरवतो. शोभेसाठी लावलेल्या नळ्यांनी तो फसला, तर त्या विजयात गोडी ती कसली? भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे असेल, पण पेहराव बदलावा, अर्थ बदलू नये, हा दंडक मला येथेही सोडवत नाही.

डोळ्यांना भूल घालावी ती आकारमानाची. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील नौकांवर रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधील शेकडो बारीक भाग चिकटवलेले होते. ते कशाचे आहेत हे ओळखू येत नाही, म्हणूनच नौका प्रचंड भासते. रणगाड्याचे चाक चाक म्हणून ओळखू आले की तिचे पुन्हा खेळणे होते. खिडक्यांचेही तसेच. टिंबाएवढ्या खिडक्यांच्या रांगांनी बोटभर नौका शहराएवढी वाटते. त्यांच्या शेजारी नखाएवढी एकच खिडकी बसवा, तिची होडी झालीच म्हणून समजा.

जोडकामाविषयी थोडे. प्लास्टिकचा खास गोंद दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतो. धातूवर त्याचा उपयोग नाही. तेथे भोक पाडून तारेची खीळ घालावी आणि झटपट चिकटणारा सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरावे. धातूचे नाक जड असते. दांडी तोलाच्या मध्यावर बसवली नाही, तर नौका युद्धापूर्वीच पालथी होते.

गोंद लावण्यापूर्वी भाग कोरडेच जुळवून पाहावेत, हे मी नुकसान सोसून शिकलो. त्या खेळाचे उत्पादन २०१३ मध्ये बंद झाले आणि त्यानंतर मोठ्या मुश्किलीने मिळवलेली एक क्रूझर मी घाईने तिरपी कापली. बदली मिळणे नव्हतेच. अखेर फट इपॉक्सी पुट्टीने बुजवली, वाळल्यावर घासली आणि साऱ्या नौकेवर राखाडी अस्तराचा हात दिला. अस्तर फार निष्ठुर असते. झाकलेली प्रत्येक फट ते उघडी करते. दोनदा घासून तिसऱ्यांदा रंगवले, तरी उजव्या कुशीत केसाएवढी रेघ उरली. तिच्यावरून मी चिलखताचा एक पातळ पत्रा बसवला आहे. तोफ मात्र बसवली नाही.