चमचा तोच, औषध तेच. मग मात्रा वेगळी कशी?

मध्यंतरी एका रात्री परिचित कुटुंबातील आजींचा दूरध्वनी आला. दहा किलो वजनाच्या नातीला ताप होता. "डॉक्टर, मागच्या वेळेसारखंच पाच मिलिलिटर पॅरासिटामॉल दिलं, पण या वेळची बाटली लहान आहे हो," त्या काळजीने म्हणाल्या. मी त्यांना लेबल वाचायला सांगितले. मागचे औषध सिरप होते. त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध होते. या वेळी हाती आले होते ते थेंबांचे औषध. त्याच्या एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम! म्हणजे बाळाच्या पोटात १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम गेले होते. चूक एकदाच झाली आणि आजींनी वेळीच विचारले, म्हणून निभावले. तीच मात्रा दिवसातून चार वेळा गेली असती, तर यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका होता.

"चमचा तोच, औषध तेच, मग मात्रा वेगळी कशी?" हा आजींचा प्रश्न मात्र मोलाचा होता.

द्रवाने व्यापलेली जागा म्हणजे त्याचे आकारमान. ते लिटर, मिलिलिटरमध्ये मोजतात. त्यात पदार्थ किती आहे, हे सांगते ते वस्तुमान. ते किलोग्रॅम, ग्रॅम, मिलिग्रॅममध्ये मोजतात. त्या वस्तुमानावरील पृथ्वीची ओढ म्हणजे वजन. चंद्रावर वजन सुमारे एक षष्ठांश होईल, वस्तुमान तेवढेच राहील. व्यवहारात आपण वस्तुमानालाच वजन म्हणतो आणि त्याने सहसा काही बिघडत नाही.

घोटाळा होतो तो पाण्यामुळे. एक लिटर पाणी जवळजवळ एक किलो भरते, त्यामुळे मिलिलिटर आणि ग्रॅम ही एकच गोष्ट आहे, असा आपला समज होतो. इतर द्रव हा नियम पाळत नाहीत. एक लिटर खाद्यतेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. तेलाच्या पिशवीवर दोन्ही आकडे छापलेले आपण पाहिले असतील. एक लिटर दूध एक किलोहून थोडे जास्त, मध सुमारे १.४ किलो, तर पारा तब्बल १३.६ किलो! जागा तेवढीच, वस्तुमान निराळे. यालाच घनता म्हणतात.

औषधाच्या बाटलीत याहून वेगळी गोष्ट असते. तेथील मिलिलिटर हे संपूर्ण द्रवाचे माप, तर मिलिग्रॅम हे त्यात मिसळलेल्या औषधाचे. पाणी, साखर, रंग, स्वाद वगळून उरते ते खरे औषध. म्हणून 'किती मिलिलिटर' हा प्रश्न 'कोणत्या बाटलीतून' हे कळल्याशिवाय अपुरा आहे. जलसंजीवनीचेही तसेच. एक लिटरसाठीचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले, तर क्षारांचे प्रमाण घातक ठरू शकते.

पाण्याचा तो सोपा हिशेब मात्र एके ठिकाणी फार उपयोगी पडतो. हृदयविकारामुळे ज्यांच्या अंगात पाणी साठते, त्यांना मी रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहायला सांगतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर ती चरबी नसते. सुमारे दोन लिटर पाणी शरीरात अडकलेले असते. पायांवर सूज दिसण्याआधी किंवा धाप लागण्याआधीच काटा हे सांगू शकतो. अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

तेव्हा एवढे कराच. स्वयंपाकघरातील चमच्याने औषध देऊ नका. बाटलीसोबतचे मापच वापरा आणि एका औषधाचे माप दुसऱ्याला लावू नका. बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारा. दवाखान्यात येताना बाळाचे ताजे वजन आणि घरातील बाटली, दोन्ही बरोबर आणा.

त्या आजी आता लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडत नाहीत. चष्मा सापडला नाही, तर सुनेकडून वाचून घेतात. आपणही तसेच करावे, ही विनंती.