टेकू हवा, पण आपल्या हातचा!

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मेडल जिंकलं. त्याआधी २०१० साली आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाली होती. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड घेतलं. कुस्ती आणि फुटबॉलवर जीव टाकणारा आपला जिल्हा आता नेमबाजीचाही झालाय. अभिमान आपल्या सगळ्यांनाच वाटतो. पण मित्रांनो, मेकॅनिकलचे विद्यार्थी म्हणून या खेळासाठी आपण काय केलं?

माझ्या मते करण्यासारखं एक काम अगदी आपल्या आवाक्यातलं आहे. ते म्हणजे रायफलचा ऍडजस्टेबल फ्रंट रेस्ट. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला याला मराठी शब्द पटकन सुचेना. वर्कशॉपमधल्या मामांना चित्र काढून दाखवलं, तर ते एका शब्दात म्हणाले, "म्हणजे टेकू की!" बरोबर. रायफलचा पुढचा भाग ज्यावर टेकवायचा आणि स्क्रू फिरवून वर-खाली, डावी-उजवीकडे बारीक सरकवायचा, तो टेकू.

आता कोणी म्हणेल, ऑलिम्पिकमध्ये तर रायफल हातातच धरावी लागते, मग टेकू कशाला? प्रश्न रास्त आहे. पण विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, तो काय शर्यतीसाठी असतो? समजा, एखाद्या खेड्यातल्या मुलीने क्लबची जुनी एअर रायफल घेऊन दहा शॉट मारले आणि ते टार्गेटभर पसरले. दोष कुणाचा? तिच्या हाताचा, बॅरलचा, की छऱ्यांचा? बहुतेक वेळा ऐकायला मिळतं, "तुझा हात हलतो!" तीच रायफल चांगल्या टेकूवर ठेवून तेच छरे मारले, की हाताचा प्रश्न जवळजवळ बाजूला होतो. ग्रुप घट्ट आला तर मुलीने सराव वाढवायचा. तरीही पसरला तर रायफल किंवा छरे तपासायचे. ज्याच्याकडे स्वतःची नवी रायफल आहे त्याला याचं महत्त्व कदाचित वाटणार नाही. पण उसन्या रायफलवर शिकणाऱ्याचं अख्खं वर्ष यामुळे वाचू शकतं.

शिवाय जगात टेकूवरची नेमबाजी हा स्वतंत्र खेळही आहे. बेंचरेस्ट आणि एफ-क्लासच्या स्पर्धा होतात. जर्मनीत वयस्कर नेमबाजांसाठी रायफल टेकवून खेळायच्या स्पर्धा असतात. पॅरा शूटिंगच्या एसएच-२ गटात ज्यांना हाताने रायफलचा भार पेलता येत नाही, त्यांना स्प्रिंगचा स्टँड वापरायची परवानगी आहे. म्हणजे टेकू ही काही लबाडी नव्हे!

काम दिसायला सोपं आहे, पण गणित करून बघा. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिमी असतो. रायफलचा पुढचा टेकू आणि मागचा आधार यांत ६०० मिमी अंतर धरू. पुढे ०.१ मिमी ढिलेपणा असेल, तर ५० मीटरवर तो ८.३ मिमी होतो. वर्तुळाची त्रिज्या ५.२ मिमी! म्हणजे कागदाच्या जाडीएवढी 'प्ले' राहिली तरी नेमका मधला शॉट दहाच्या बाहेर. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो.

म्हणून डिझाइनमध्ये काही गोष्टी पाळायलाच हव्यात. पाय तीनच हवेत. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तीन पायांचं नाही. बेस कास्ट आयर्नचा असावा, कारण तो जड असतो आणि कंपनं जिरवतो. उंचीसाठी बारीक आट्यांचा स्क्रू घ्यावा. एम १२ ला १.२५ मिमी पिच घेतला तर विसाव्या भागाच्या फेऱ्याला टेकू ०.०६ मिमी हलतो. उभ्या दिशेत रायफलचं वजनच बॅकलॅश खाऊन टाकतं, पण आडव्या दिशेत तसं होत नाही. तिथे स्लाइडला एका बाजूने स्प्रिंगचा दाब द्यावाच लागेल. आणि सर्वात फसवी गोष्ट म्हणजे लॉक. मधल्या खांबाला बाजूने बोल्ट आवळला की खांब किंचित सरकतो आणि लावलेला नेम बिघडतो. त्याऐवजी चारी बाजूंनी सारखा आवळणारा स्प्लिट क्लॅम्प बरा.

यातलं काय आपल्याकडे मिळत नाही? कास्टिंगसाठी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आहेत. मशिनिंगला उद्यमनगर आहे. वर वाळूची चामडी पिशवी लागते, ती कोल्हापुरी चप्पल शिवणारा कारागीर आपल्यापेक्षा नक्कीच चांगली शिवेल. टेस्टिंगला सुरुवातीला रायफलचीही गरज नाही. तेवढ्याच वजनाच्या पाइपवर लेझर पॉइंटर बांधा, दहा मीटरवरच्या भिंतीवर ग्राफ पेपर लावा आणि ठिपका पुन्हा पुन्हा त्याच चौकोनात येतो का ते बघा. खरी रायफल मात्र परवानगी असलेल्या रेंजवर, कोचसमोरच.

दरवर्षी फायनल इयरला तेच ते प्रोजेक्ट फिरत राहतात. काही तर तयार विकत मिळतात, नुसतं कव्हर बदलायचं! व्हायवा झाला की प्रोजेक्ट स्टोअर रूममध्ये धूळ खात पडतो. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला होता. त्यांना कुठे सबमिशनचे मार्क मिळणार होते? त्यांना सिनेमा काढायचा होता, म्हणून त्यांनी कॅमेरा बनवला.

गडहिंग्लजला बसून आपण स्वप्नील कुसाळे घडवू शकणार नाही, ते कोचचं आणि खेळाडूचं काम. पण पुढच्या एखाद्या पोरीला "दोष तुझ्या हातात नाही, बॅरलमध्ये आहे" हे पुराव्यानिशी सांगणारं यंत्र आपण नक्की बनवू शकतो. येत्या वर्षी एका तरी ग्रुपने हे मनावर घ्यावं, आणि बनवलेला टेकू स्टोअर रूममध्ये न ठेवता एखाद्या रेंजला देऊन टाकावा. बघा, पटतंय का!