दरमहा दहा टक्के : आधी गणित मांडा

सांगलीच्या बाजारात हळद घेणारा व्यापारी मूठभर हळद हातावर घेतो, रंग पाहतो, आणि मगच भाव बोलतो. विश्रामबागेतल्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. पण जी वस्तू हातात घेताच येत नाही, तिची पारख कशी करावी? बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे तंत्र कळत नाही म्हणून लोक फसतात, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. अशी फसवणूक ओळखायला बहुधा शाळेतले गणित पुरते.

उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. २०१५ मध्ये अमित भारद्वाज याने 'गेन बिटकॉइन' ही योजना सुरू केली. बिटकॉइन गुंतवा आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा मिळवा, असे तिचे आश्वासन होते. हा परतावा बिटकॉइनच्या 'खाणकामा'तून येईल असे सांगितले जाई. पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे, फार कमी मोलाचे नाणे गुंतवणूकदारांच्या माथी मारण्यात आले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तपास सीबीआयकडे सोपवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ज्या गावी झडत्या घेतल्या, त्यांत पुण्या-नांदेडबरोबर आपले शेजारचे कोल्हापूरही होते.

आता गणित मांडू. हे खाणकाम म्हणजे संगणकांची शर्यत. जगभरचे संगणक एक कोडे सोडवू पाहतात. साधारणपणे दर दहा मिनिटांनी कोणीतरी जिंकतो व त्याला नवी नाणी मिळतात. यंत्रे वाढली की कोडेही आपोआप अवघड होते, त्यामुळे नाण्यांचा एकूण वेग वाढत नाही. पूर्वी दर खेपेस २५ नाणी मिळत, म्हणजे दिवसाला सुमारे ३,६००. ९ जुलै २०१६ रोजी हे बक्षीस १२.५ वर आले. दिवसाची नाणी सुमारे १,८०० उरली. खाणीतला माल निम्मा झाला, तरी योजनेचे दहा टक्के जागच्या जागी! ही घट गुपित नव्हती. बिटकॉइनच्या नियमांतच ती पहिल्यापासून लिहिलेली आहे.

मग पैसा येणार कोठून? नव्या सभासदांकडून. समजा १०० जणांनी प्रत्येकी एक नाणे दिले. पहिल्या महिन्यात वाटायला १० नाणी हवीत, म्हणजे १० नवे सभासद. पुढच्या महिन्यात ११० जणांना द्यायचे, म्हणून आणखी ११. असे १८ महिने चालले तर सभासद सुमारे ५५६ होतात, आणि तिजोरीत मात्र तीच पहिली १०० नाणी. तीही चालकाने हात लावला नसेल तर! पदार्थविज्ञानात ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. परताव्याचेही तसेच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आभासी चलन एकदा पाठवले की व्यवहार उलटा फिरवणारी बँक मध्ये नसते. म्हणूनच ठकसेन त्यातच पैसे मागतो. नोकरीसाठी, बक्षिसासाठी किंवा 'अडकलेली रक्कम सोडवण्याचा कर' म्हणून कोणी बिटकॉइन मागितले, तर तेथेच थांबावे. मोबाइलच्या पडद्यावर वाढत जाणारा आकडा म्हणजे पैसा नव्हे. तो आकडा कोणालाही लिहिता येतो. आपल्या खात्याचे १२ किंवा २४ गुप्त शब्द कोणालाही सांगू नयेत. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. बँकेतून गेलेली रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते.

शिक्षकांना एक विनंती आहे. आठवीच्या वर्गात आपण चक्रवाढ व्याज शिकवतो, पण उदाहरणे नेहमी प्रामाणिक बँकेचीच देतो. एखादे उदाहरण अशा योजनेचेही फळ्यावर घालावे. 'आभासी चलनापासून दूर राहा' एवढा उपदेश मुले विसरतील. स्वतः केलेला गुणाकार विसरणार नाहीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी कोणी दरमहा दहा टक्क्यांची गोष्ट काढली, तर वाद घालू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि वडीलधाऱ्यांसमोर हा गुणाकार करून दाखवा. त्यांनी घाम गाळून मिळवलेली पुंजी त्याने वाचू शकेल.