शाकंभरीचे नवरात्र आणि बांधावरची भाजी

पौष शुद्ध अष्टमीला शाकंभरीचे नवरात्र बसते आणि पौर्णिमेला उठते. आश्विनातल्या नवरात्राएवढा गाजावाजा त्याला नाही. गरबा नाही, मंडप नाही, वर्गणी नाही. ज्यांच्या घरी बनशंकरी कुलदैवत आहे, त्यांच्या घरी मात्र या दिवसांत भाज्यांची मोजणी सुरू असते. कुठे साठ भाज्यांचा नैवेद्य, कुठे एकशे आठांचा. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची कोष्टी-देवांग घरे, देशस्थांची घरे, आणि सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटचा सगळा मुलूख, यांचे मूळ ठाणे बदामीजवळच्या चोळचगुड्डला. तिथले आजचे देऊळ १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने बांधले. देवी मात्र चालुक्यांच्या काळापासूनची. पौर्णिमेला रथ निघतो. आसपासच्या गावच्या बाया डोक्यावर बुट्टी घेऊन येतात आणि ज्वारीची कडक भाकरी, दही, भाजी यात्रेकरूंना वाढून चार पैसे कमावतात. देवीचा खरा प्रसाद तोच, असे म्हणायला हरकत नाही.

ही देवी शेतकऱ्याची का, हे समजायला तिची कथा नीट ऐकली पाहिजे. देवळात पोथी वाचतात तेव्हा आपले निम्मे लक्ष आरतीकडे असते, म्हणून इथे सांगतो.

देवीभागवताच्या सातव्या स्कंधात दुर्गमासुराची गोष्ट येते. या दैत्याने तप करून ब्रह्मदेवाकडून वेदच मागून घेतले. वेद गेले तसे यज्ञ थांबले, यज्ञ थांबले तसा पाऊस थांबला. शंभर वर्षे थेंब नाही. विहिरी, तळी, नद्या कोरड्या पडल्या, माणसे-जनावरे पटापट मेली. उरलेल्यांनी हिमालयात जाऊन देवीला साकडे घातले. ती प्रगटली ती शेकडो डोळ्यांनी, आणि ही दशा बघून नऊ रात्री रडली. त्या डोळ्यांतल्या पाण्याने नद्या भरल्या. म्हणून ती शताक्षी. मग तिने हातातली फळे, मुळे, भाजीपाला माणसांना दिला आणि जनावरांना चारा दिला. म्हणून ती शाकंभरी. दैत्याशी लढाई यानंतर. त्याला मारले म्हणून दुर्गा हे नाव पडले, असे तिथे सांगितले आहे.

हा क्रम बघा. आधी पाणी, मग भाजी आणि वैरण, मग शत्रू. आपल्याकडे दुष्काळ पडला की आधी पंचनामा, मग आणेवारीचा वाद, मग विधानसभेत गदारोळ, आणि वैरण येते तेव्हा जनावर बाजारात गेलेले असते. पुराणकाराला गुरांची आठवण राहिली, ही साधी गोष्ट नव्हे. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये माणदेशात, बीडकडे ज्यांनी चारा छावणीत जनावरांबरोबर मुक्काम केला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सप्तशतीच्या अकराव्या अध्यायातली शाकंभरी थोडी वेगळी बोलते. आपल्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी पाऊस पडेपर्यंत मी जगाला जगवीन, असे ती वचन देते. पाऊस पडेपर्यंत! कायमचा सुकाळ करीन असे काही ती म्हणत नाही. मधली नड भागवीन, एवढेच म्हणते. कोरडवाहू माणसाला याहून मोठे आश्वासन लागत नाही; पण एवढे तरी कोण देतो?

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसे अजून गावोगाव आहेत. खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, हे सगळे सांगतात. पण खोदून विचारले की आणखी एक गोष्ट निघते. "मिलो पोटाला बसायची न्हाई बाबा, पाथरी अन् घोळ व्हती म्हणून पोरं वाचली." ओढ्याच्या कडेची चिवळ, बांधावरचा तांदुळजा, करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे. याला पैसा लागत नव्हता, कार्ड लागत नव्हते. रोजगार हमीचा कायदा १९७७ ला आला. त्याआधी गरिबाची हमी हा पालाच होता. देहातून उगवलेली भाजी म्हणजे काय, ते तेव्हा बायांना पोथी न वाचता कळले होते.

आज नैवेद्याला साठ भाज्या गोळा करायला निघा. मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर मिळते. मग कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, बटाटा, बीट घालून आकडा भरायचा. त्याने नाही भरला तर चटण्या, कोशिंबिरी मोजायच्या. देवी रागावत नसेल, पण पाथरी कुठे गेली, चंदनबटवा कुठे गेला, हे घरातली सून विचारते तेव्हा सासूला उत्तर सुचत नाही. उत्तर शेतात आहे. सोयाबीन आले, त्यामागून तणनाशकाचा पंप आला. खुरपणीला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकरी फवारतो. त्याला दोष देऊन चालणार नाही. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. पण खुरपणीच्या बाईला मजुरीबरोबर ओटीत संध्याकाळची भाजी मिळायची, ती गेली, हे कोणत्याच हिशेबात धरलेले नाही. पिकात फवारले इथवर समजू शकते. बांधावर, ओढ्याच्या काठाला, पाणंदीला फवारायचे काय कारण? तिथे कोणते पीक आहे? "पंपात उरलं होतं म्हणून मारलं" हे उत्तर आम्ही कितीदा तरी ऐकले आहे.

दुसरीकडे भाजी पिकवणाऱ्याची तऱ्हा बघा. याच पौषात आवक वाढली की मेथीच्या जुडीला तोडणीचा खर्चही निघत नाही. कोबीत मेंढरे सोडायची पाळी येते. ज्या आठवड्यात देवीपुढे भाज्यांची आरास होते, त्याच आठवड्यात आठवडी बाजाराच्या मागे जुड्यांचे ढीग सडतात. नैवेद्याची भाजी तरी दलालाला वगळून थेट पिकवणाऱ्याकडून घ्यावी, असे एखाद्या देवस्थान समितीला का वाटू नये?

तुळजापूरलाही हे नवरात्र होते. त्यात जलयात्रा निघते, सुवासिनी पापनाश तीर्थावरून कलश घेऊन देवळात येतात. दुष्काळाने गांजलेल्या धाराशिव जिल्ह्यात देवीला पाण्याची यात्रा आहे, हे काही उगीच नाही. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तेव्हा शेकडो डोळ्यांची देवी कोणाला आठवली असेल तर ती हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांनाच.

पुराणातला दुष्काळ कशाने पडला? वेद हरवले म्हणून. ज्ञान होते, ते माणसांच्या हातून गेले. आमच्या गावांपुरते बोलायचे तर कोणता पाला कधी खुडायचा, कोणता नुसता, कोणता डाळीत, कोणता पाणी काढून शिजवायचा, हा वेद म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे आणि एकेका अंत्ययात्रेबरोबर तो चालला आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाणे जपले, त्यांना २०२० च्या यादीत पद्मश्री मिळाली. सत्कार सगळ्यांनी केले. पण तसे बियाणे आपल्या गावात कोणाच्या उतरंडीत उरले आहे, याची चौकशी किती ग्रामपंचायतींनी केली? कृषी खाते पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवते, ते चांगलेच आहे. तालुक्याच्या सभागृहात ताटल्या मांडून, फोटो काढून तो संपतो, हे तितकेसे चांगले नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. गायरानाच्या आणि ओढ्याच्या कडेला तणनाशक मारायचे नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. त्याला वरून निधी यावा लागत नाही. कृषी सहायकाने गावातल्या चार म्हाताऱ्यांना बांधावर नेऊन भाज्यांची नावे, हंगाम, बियाणे लिहून घ्यावे, शाळेच्या पोरांना बरोबर घ्यावे. आणि ज्यांच्या घरी शाकंभरीचे नवरात्र आहे, त्यांनी यंदा साठीचा आकडा भरताना बटाटा चार प्रकारांनी मोजू नये. त्याऐवजी बाजारात खाली पोत्यावर बसलेल्या बाईला विचारावे, "मावशी, पाथरी आणाल का पुढच्या बाजारी?" ती आणील. अजून तिला जागा ठाऊक आहे.