क्षयाचे औषध आणि यकृताची राखण

भोर तालुक्यातील आंबवड्यासारख्या गावात एखाद्याला क्षय झाल्याचे निदान झाले, की सहा महिन्यांचे औषध शासन विनामूल्य देते. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. एचआयव्हीची व रक्तातील साखरेची तपासणीही होते. मात्र हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू रुग्णाच्या रक्तात आधीच ठाण मांडून बसला आहे काय, हे पाहण्याचा तसा सरसकट रिवाज पडलेला नाही.

वास्तविक पहिल्या दोन महिन्यांच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतावर भार टाकणारी आहेत. निरोगी यकृत तो बहुधा सोसते. विषाणूने पोखरलेले यकृत सोसेलच असे नाही, आणि त्यात मद्याची भर पडली तर विचारावयासच नको. अन्नावरची वासना उडते, मळमळते, लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात. मग घरची माणसे कावीळ उतरविणाऱ्याकडे नेतात, गळ्यात माळ पडते आणि क्षयाच्या गोळ्या परस्पर बंद होतात. अशा वेळी गोळ्या थांबवाव्या लागतात हे खरे. परंतु त्या डॉक्टरांनी थांबवावयाच्या आणि यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करावयाच्या असतात. अर्धवट सोडलेला क्षय पुढे औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

हिपॅटायटिस बीची लस बालकांच्या लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास. आज चाळिशीत असलेल्या कष्टकऱ्याला ती बालपणी मिळालेली नाही. दुसरीकडे, जुलै २०१८ पासून याच काविळीच्या मोफत तपासणीचा व औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. म्हणजे पैसा आहे, औषध आहे. आड येतात त्या दोन कार्यक्रमांच्या दोन नोंदवह्या. एकदा काढलेल्या रक्तावरच आणखी एक चाचणी करण्याचा खर्च तो कितीसा? ती टाळल्यास रुग्णाला पुढे भोर आणि पुणे अशा एस.टी.च्या खेपा घालाव्या लागतात, रोज बुडतो. तो हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

या रोगाचे नाव निघताच गावात कुजबुज होईल, ही शंका अनाठायी नाही. एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही, हे आरोग्यसेविकेने घरच्यांना सांगितले पाहिजे. विषाणू आढळला म्हणून क्षयाचा उपचार नाकारण्याचेही कारण नाही. औषधांची निवड डॉक्टरांना जपून करता येते. अशा रुग्णाच्या यकृताची तपासणी आरंभी आणि नंतर ठराविक मुदतीने व्हावी, व त्यासाठी त्याने भोरला जाण्याऐवजी त्याच्या रक्ताचा नमुनाच तेथे जावा.